पडवीतला समुद्र

समुद्राच्या काठावर जन्मून, अर्धं आयुष्य समुद्रावर काढून, म्हातारपणी मुंबईहून मीठ मागवून घरात नवा समुद्र तयार करणारे गृहस्थ अख्ख्या किनाऱ्यावर एकच आहेत, आणि ते माझे व्याही आहेत. आचऱ्याला त्यांच्या घरामागच्या माडांतून जरा चाललं की खरा समुद्र लागतो. फुकट, आणि हवा तेवढा. पण हे गाळलेल्या पाण्यात बादलीतलं मीठ ढवळणार, काचेच्या यंत्रातून डोळा बारीक करून खारटपणा बघणार, मान हलवणार, आणखी चमचाभर घालणार आणि मगच ते पाणी टाकीत सोडणार. मी बाजारात गोणपाटावर बसून सुतळी विकली, तिथपासून मालवणात जाळी-दोरखंडांचं स्वतःचं दुकान टाकलं, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो: जे फुकट मिळतं ते विकत घेणाऱ्या माणसाशी सोयरीक करू नये. केली ती नेमकी तशीच.

एकदा मी न राहवून विचारलं, "व्याहीबुवा, समोर एवढो समुद्र आसा, तो काय आटलो?" तर म्हणाले, "शेटानू, त्या पाण्यात होडयेचा डिझेल आसा, पावसाचो गाळ आसा, तुमच्या दुकानातल्या दोरयेचे तुकडे पण आसत. घरातल्या पावण्यांका ता कसा चलात?" दोरी माझ्या दुकानातली असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती.

हे 'पावणे' म्हणजे प्रवाळ. लोक घरात मासे पाळतात, कुत्री पाळतात. व्याह्यांनी प्रवाळ पाळले. जहाजावर उभा जन्म त्यांनी खलाशांना जेवू घातलं. गॅलीचे, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराचे, मुख्य आचारी होते. निवृत्त होऊन घरी आले ते स्वयंपाकघराकडे पाठ करूनच. "आता माका कोणी जेवणात मीठ किती ता विचारू नको, पाण्यात किती ता विचारा," असं त्यांनी विहीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं. मग घराच्या पुढच्या पडवीत, जिथे वारा येतो, उजेड येतो आणि आल्यागेल्याला बसायला बरं पडतं, अशा सगळ्यात चांगल्या जागी त्यांनी पलंगाएवढी काचेची टाकी मांडली. तिच्यातले प्रवाळ परदेशात कुठेतरी शेतीसारखे वाढवलेले, कागदपत्रांसह रीतसर आणलेले. आपल्या समुद्रातल्या प्रवाळाला ते बोट लावत नाहीत. कोणी पोहताना खडकाचा तुकडा उचलून आणला, की हे कंबरेवर हात ठेवून उभे: "थंयच नेवन ठेव. तेका हात लावलंस तर जेलात जाशीत. आणि जावकच व्हया."

उन्हाळ्यात वीज गेली की त्या घरात इन्व्हर्टरवर दोन पंखे चालत आणि दोन्ही टाकीच्या पाण्यावर वारा घालत. विहीणबाई शेजारी बसून सुपाने वारा घेत असायच्या. मी गेलो की मलाही एक सूप मिळे. पाहुणचारात दुजाभाव नव्हता.

पण माझी त्यांच्याविषयीची तक्रार पंख्याची नाही. ती जुनी आहे, लग्नाच्या बोलण्यांपासूनची, आणि आज इतक्या वर्षांनीही मी ती जपून ठेवली आहे. बोलणी म्हणजे काय, हे धंदा करणाऱ्याला विचारावं. मी आठवडाभर तयारी केली होती. आमच्याकडची दोनशे पानं जास्त सांगायची, त्यांनी ओढून शंभरावर आणायची, आपण थोडं रुसायचं, बायकांनी मध्ये पडायचं, शेवटी चहा यायचा आणि दोन्ही घरांचा मान राहायचा. ठेवणीतला शर्ट घालून आणि कचेरीत बोलतो तसलं मराठी घेऊन मी आचऱ्याला गेलो. व्याही टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते.

"कार्यालय मालवणचंच असावं, असा आमचा आग्रह राहील," मी सुरुवात केली.

"बरा," ते पाण्याकडे बघत म्हणाले.

"आमच्याकडची माणसं जरा जास्त होतील."

"बरा."

"दुसऱ्या दिवशीचं माशांचं जेवण तुमच्याकडे."

"बरा. शेटानू, ती कातर जरा हयसर दिवा."

मी कातर दिली. बोलणी संपली. बाहेर येऊन मी बायकोला म्हटलं, "ह्या मानसान माका फसवल्यान!" ती म्हणाली, "सगळा तुमच्या मनासारखा झाला, मगे फसवल्यान ता काय?" "भाव करूक दिल्यान नाय!" मी ओरडलो. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघू लागली. बायकोला माझं दुःख आजही कळलेलं नाही. जो जन्मभर घासाघीस करून एकेक पायरी चढला, त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात समोरच्याने हत्यारच उचलू नये, हा अपमान नव्हे तर काय?

लग्नाच्या दिवशी मुहूर्त टळायला आला तरी वरपिता गायब. पंप बंद पडला होता. ते आले ते भिजलेल्या बाह्यांनी, आणि मनगटाला एक गुलाबीसर, लिबलिबीत तुकडा चिकटलेला. भटजींनी तो फूल समजून काढायला हात पुढे केला, तर हे घाईने म्हणाले, "रवांदे, रवांदे, जिवंत आसा!" आणि त्यांनी तो पाण्याच्या पेल्यात ठेवून दिला. पाणी गोडं होतं हे लक्षात आल्यावर आमच्या व्याह्यांचा चेहरा पडला, तो सप्तपदी संपेपर्यंत पडलेलाच होता. फोटोत मुलगी सासरी जातेय म्हणून मी रडतोय आणि शेजारी ते त्या तुकड्यासाठी रडतायत. बघणाऱ्याला वाटतं, केवढा जिव्हाळा दोन व्याह्यांत!

त्या तुकड्याची जात सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. व्याही तिला 'हातवाली' म्हणतात. एका देठावर शंभर इवले हात, आणि प्रत्येक हात सारखा उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. बघत बसलं की दुकान उघडायची आठवण राहत नाही. पण गुण तेवढाच. बाकी ती पसरते. आज दगडाच्या टोकाला, महिन्याने सगळ्या दगडावर, आणखी महिन्याने शेजारच्या दगडावर आणि मग काचेवर. कातरीने कापताना नखाएवढा तुकडा जरी टाकीत निसटला, तरी तो कुठेतरी चिकटून नवा संसार मांडतो. त्याच टाकीत एक 'म्हातारी'ही होती: मेंदूसारख्या वळ्यांचा दगडी प्रवाळ, वर्षाला नखभर वाढणारा. हातवाली तिच्या अंगावर चढली की तिचा उजेड जातो आणि ती आतल्या आत झिजत जाते. भांडत नाही, ओरडत नाही. एक दिवस पांढरी पडते.

मी व्यापारी माणूस. म्हटलं, "व्याहीबुवा, एक काय ता ठरवा. हातवाली उपटून भायर टाका."

"कित्याक? तिचो काय गुन्हो?" ते म्हणाले. "तिका वाढूचा माहीत आसा, थांबूचा माहीत नाय. तशा मानसाक मारूचा नसता, शेटानू. तेका वायलो दगड देवचो आणि मधी रेती ठेवची."

आणि त्यांनी तसंच केलं होतं. टाकीच्या एका टोकाला मोकळ्या रेतीत एक वेगळा दगड, त्यावर हातवालीचं एकटीचं राज्य. रेतीवर तिला पाय रोवता येत नाही, म्हणून ती पलीकडे जात नाही. तरी दर शनिवारी तो दगड उचलून बादलीत घ्यायचा, कापाकापी बादलीतच करायची, म्हणजे चिकट पाणी आणि तुकडे टाकीत जाणार नाहीत. मग दगड धुऊन परत जागेवर, आणि टाकीतलं थोडं पाणी बदलायचं. कापलेले तुकडे कुणी भरवशाचा टाकीवाला मागायला आला तर त्याला. नाहीतर पत्र्यावर उन्हात कडक वाळवून माडाच्या मुळात पुरायचे. समुद्रात कधीच नाही. "परक्या गावचो पावणो आपल्या समुद्रात सोडूचो नाय," हा त्यांचा नियम. भरवसा ठरवायची परीक्षाही कडक. कुडाळचा एक दातांचा डॉक्टर हौसेने तुकडा मागायला आला होता. वर्षातून दोनदा सहकुटुंब फिरायला जातो असं तो बोलून गेला, आणि रिकामी पिशवी घेऊन परत गेला.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. मग आली गावपळण.

आचऱ्याची गावपळण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. गावात जिवंत असं कोणी मागे ठेवायचं नाही. तीन दिवस झोपड्या घालून उघड्यावर राहायचं, देवाने पुन्हा कौल दिला की परतायचं. त्या वेळी व्याह्यांनी देवळात मानकऱ्यांसमोर प्रश्न टाकला, की माझ्या टाकीचं काय? माझं एक गिऱ्हाईक तिथे हजर होतं, त्याने सांगितलेली हकिगत अशी. एक म्हातारे मानकरी म्हणाले, "दगडाक खंयची गावपळण?" व्याही म्हणाले, "तुमचो दगड जेवता? माझो जेवता. तुमचो दगड पोरां घालता? माझो दर म्हयन्याक घालता." देऊळभर हशा झाला. मानकरी म्हणाले, "मगे ने रे बाबा त्येंका पण. उद्या देव आमका विचारूक नको."

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर टेम्पो थांबला. आतून माझी मुलगी मयुरी उतरली आणि तिच्यामागे मासळीचे थर्माकोलचे खोके. मला वाटलं, व्याह्यांनी पापलेट पाठवलं. खोके उघडले तर दगड. म्हातारी, हातवाली, सगळी वरात. व्याही आणि विहीणबाई गावकऱ्यांबरोबर झोपडीत राहणार होते. दगडांची देखभाल करायला सुनेला माहेरी धाडलं होतं. माझं दुकान आणि घर एकाच छपराखाली; मागच्या खोलीत टबांत पाणी भरलं, पंप लावले, आणि माझ्या घरात समुद्राची घरघर सुरू झाली.

व्याह्यांचा झोपडीतून रोज फोन. पहिला प्रश्न, "हातवाली हात हलयता?" दुसरा, "चेडू जेवता?" मी चिडायचो. आधी दगड आणि मग माझी मुलगी! एकदा त्यांनी तिसराही विचारला: "हसता काय?"

"कोण? हातवाली?"

"चेडू ओ."

मी मागच्या खोलीत जाऊन बघितलं. मयुरी टबाशेजारी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. हसत नव्हती.

गावपळण संपली, गाव परतलं, मयुरी परतली नाही. जावई जहाजावर, वर्षातले बरेच महिने बाहेर. घरात सासू, सून आणि एक स्वयंपाकघर. मयुरीला पर्यटकांसाठी घरगुती खानावळ चालवायची होती, आणि तिने ती त्याच स्वयंपाकघरात सुरू केली होती. आधी तिच्या मसाल्याच्या दोन बरण्या फळीवर गेल्या. मग फळी तिची झाली. मग सकाळची शेगडी. मग मासेवाली बदलली. विहीणबाई भांडल्या नाहीत. फक्त एक दिवस नवऱ्याच्या चहासाठी त्यांना शेगडी रिकामी मिळेना, तेव्हा पातेलं हातात घेऊन म्हणाल्या, "माझ्याच घरात मी पावणी झालंय गो." त्या वाक्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या होत्या.

"बाबा, मी जाणार नाही," मयुरी म्हणाली. "त्या घरात मला उभं राहायला जागा नाही."

माझा पारा चढला, हे खरं. पण पोटात कुठेतरी एक जुनी ज्योत पेटली, हेही खरं. आता बोलणी होणार होती! आणि या वेळी माझ्या हातात माल होता. मागच्या खोलीत व्याह्यांचा जीव की प्राण टबांत पडला होता. दगड हवेत ना? मग आधी मुलीला वेगळी चूल, मग दगड. मी बायकोला सांगितलं, "आता बघ भाव कसो करतत तो." ती म्हणाली, "चेडवाचा घर मोडूक इला आणि तुमका भाव सुचता?" मग ती मयुरीच्या उशाशी जाऊन बसली. खरं तर घाबरलो मीही होतो. भीती वाटली की मला आधी राग येतो. मला तीच रीत ठाऊक आहे.

आणि टेम्पो आला. व्याही पुढे बसलेले. मी दारात आडवा उभा राहिलो.

"दगड मिळूचे नाय, व्याहीबुवा. आधी बोलणी."

"बोला, बोला," ते उतरत म्हणाले. "पण जरा बाजूक व्हवा, काच आत घेवची आसा."

टेम्पो रिकामा नव्हता. त्यात टाकी होती. टाकी, लाकडी चौकट, दिवे, पंखे, मिठाच्या बादल्या, सगळं. मला काही कळेना, पण बोलणी मोडायची नाही म्हणून मी टाकीच्या मागोमाग चालत बोलत राहिलो.

"माझ्या चेडवाक वायली चूल व्हयी!"

"घातली. अरे, डावीकडून घे, कोपरो लागात!" हे टेम्पोवाल्याला.

"खंय घातलास?"

"पडवीत. टाकी होती थंय. पाण्याचो नळ होतोच, शेगडी काल बसयली."

"विहीणबाईनी तिका काय बोलूचा नाय!"

"ती तिच्या गॅलीत, ही हिच्या गॅलीत. मी जहाजार जन्म काढलंय, शेटानू. एका गॅलीत दोन आचारी ठेवले तर कप्तानाक उपाशी रवाचा लागता. मधी माजघर आसा. रेती म्हणा."

माझी तिसरी अट मला आठवेना. मयुरी आतल्या दारात येऊन उभी होती.

"आप्पा," ती सासऱ्यांना म्हणाली, "आणि तुमचो समुद्र?"

"तो हयसर रवतलो. बापाशीच्या ओसरेर जागा आसा. मी गावपळणीक दगड धाडलंय, तेवाच परत न्हेवचे नाय म्हणान धाडलंय." मग तिच्याकडे न बघता, नळ्या गुंडाळत म्हणाले, "चल गो बाय. सासू सकाळपासून दोन कोप चाय करून बसली आसा. तिका नवी शेगडी पेटवक येना नाय."

मयुरी रडली. बायको रडली. मी ओरडलो. "माझ्या घरात टाकी ठेवतास आणि माका विचारूचा पण नाय?"

व्याह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "विचारल्लंय आसतंय," ते म्हणाले, "तर तुमी भाव केल्लो आसतास."

तेव्हापासून समुद्र माझ्या ओसरीवर आहे. आचऱ्याच्या पडवीत आता सुरमईच्या तळणीचा चुरचुराट असतो, सोलकढीचे टोप असतात, आणि हंगामात पाहुणे बाकावर वाट बघत बसतात. विहीणबाई त्या पडवीत पाऊल टाकत नाहीत. उंबऱ्यावर उभ्या राहून "मीठ जास्त झाला" एवढं सांगतात आणि आपल्या स्वयंपाकघरात परततात. संध्याकाळी मात्र दोघी माजघरात बसून लसूण सोलतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

व्याही दर शनिवारी एसटीने येतात, चष्म्याच्या डब्यात कातर घालून. दगड बादलीत घेतात, हातवालीला कापतात, कोथिंबीर निवडावी तसे तुकडे वेगळे करतात. म्हातारीवरून बोट न लावता नजर फिरवतात. चहा समोर निवत राहतो. पडवी सोडताना त्यांना काय वाटलं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण पहिल्या वर्षी ते आले, की टाकीसमोर नव्हे, टाकीच्या बाजूला बसायचे. पडवीत त्यांची खुर्ची असायची तिथे. इथे त्या जागी माझी दोरखंडांची गुंडाळी असायची. तिच्यावरच बसायचे. मग मी ती गुंडाळी हलवून तिथे खुर्ची ठेवली. दुसरं काय देणार? माझ्या धंद्यात भाव ठरल्याशिवाय मालाची फेड होत नाही, आणि या माणसाने जन्मात भाव ठरू दिला नाही. माझी तक्रार ती हीच. एवढं मोठं काही कोणी एका 'बरा' मध्ये देऊन टाकू नये. घेणाऱ्याने जन्मभर करायचं काय?

मागे एक पर्यटक दुकानात जाळं बघायला आला आणि टाकीसमोर खिळला. किंमत विचारू लागला, वर वर चढू लागला. विकायचं नाही, असं मी एवढ्या जोरात म्हटलं की तो जाळंही न घेता गेला.

या वर्षी व्याह्यांचे गुडघे धरलेत आणि डोळ्याचं ऑपरेशन झालंय. शनिवार चुकतात. मग फोन येतो. "हातवाली हात हलयता?" मी म्हणतो, "हलयता." "कापलास?" "कापलंय." "बादलीतच ना?" "बादलीतच ओ!" मी चिडून सांगतो, आणि ते पलीकडे हसतात. माझ्या अंगठ्याला आता कातरीचा घट्टा पडलाय, दोरीच्या घट्ट्याशेजारी.

परवा बऱ्याच दिवसांनी आले. हळूहळू चढून खुर्चीत बसले, म्हातारीकडे बराच वेळ बघत राहिले. "वाढली," एवढंच म्हणाले. मला काही फरक दिसला नाही, पण मला बरं वाटलं. संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. खिडकीशी जागा मिळवून दिली. त्यासाठी एका माणसाशी भांडलो. "येतंय हां, शेटानू," ते म्हणाले आणि त्यांनी हात बाहेर काढला. लहान मुलं करतात तसा, मूठ उघडत, मिटत. एसटी वळणाआड जाईपर्यंत तो हात तसाच हलत होता.

मी घरी आलो, ओसरीवर त्यांच्या खुर्चीत बसलो. काचेच्या आत तेच चाललं होतं.